स्वतःचा ताप मोजणारी चिप

एप्रिलच्या भर दुपारी कोरेगाव भीमाच्या पुलावरून पायी निघालात, तर ऊन म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागत नाही. त्या उन्हाला माप आहे. आभाळ निरभ्र असेल तर जमिनीच्या एका चौरस मीटरवर साधारण 1000 वॅट पडतात, म्हणजे एका चौरस सेंटिमीटरला एक दशांश वॅट. आता त्याच गावातल्या एखाद्या घरात कुणी लॅपटॉपवर लग्नाचा व्हिडिओ एडिट करत बसलं आहे असं धरू. त्यातली प्रोसेसरची चिप असेल फार तर दीड चौरस सेंटिमीटरची, आणि ती त्या वेळी खातेय 45 वॅट. भागाकार केला की उत्तर येतं चौरस सेंटिमीटरला 30 वॅट. बाहेरच्या उन्हाच्या 300 पट!

ही चिप मांडीवर ठेवलेल्या यंत्रात, बोटाहून कमी जाडीच्या जागेत बसलेली असते, आणि तरी जळत नाही. ती जळू नये म्हणून आत जे काही सतत चाललेलं असतं ते एकदा समजून घेतलं, की लॅपटॉपच्या पंख्याचा घोंघाट त्रासाचा वाटत नाही. निदान मला तरी तो आता वेगळाच ऐकू येतो.

मुळात ही उष्णता येते कुठून? चिपमध्ये ट्रान्झिस्टर असतात, आणि किती असतात ते ऐकून थबकायला होतं. ॲपलच्या 2020 सालच्या एम-1 चिपवर 1600 कोटी. प्रत्येक ट्रान्झिस्टर म्हणजे एक बारीक स्विच, तो चालू-बंद होताना विजेचा सूक्ष्म साठा भरतो आणि रिकामा होतो, आणि दर वेळी थोडी ऊर्जा उष्णता होऊन बाहेर पडते. असं सेकंदाला अब्जावधी वेळा. यातला सर्वात नवलाचा भाग असा की चिपमध्ये गेलेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णताच होते. व्हिडिओ तयार झाला, हिशोब जुळला, नकाशा उमटला, पण त्या कामात ऊर्जा साठून राहिली नाही. 45 वॅट आत गेले, 45 वॅट उष्णता बाहेर काढायची आहे.

तिचा प्रवास चिपच्या पाठीवरून सुरू होतो. तिथे राखाडी रंगाची पेस्ट लावलेली असते, जी दुरुस्तीवाले दोन-चार वर्षांनी बदलतात. तिच्यावर तांब्याचा पत्रा, आणि पत्र्याला चिकटलेली तांब्याची चपटी नळी. बाहेरून पाहिली तर भरीव पट्टीच वाटते. प्रत्यक्षात ती पोकळ असते, आत पाण्याचे काही थेंब असतात, आणि हवा काढून टाकलेली असते. हवेचा दाब नसल्यामुळे ते पाणी उकळायला 100 अंशांची वाट पाहत नाही, पुष्कळ आधीच त्याची वाफ होते. वाफ होताना पाणी चिपजवळची उष्णता उचलतं, वाफ नळीच्या थंड टोकाकडे धावते, तिथे पुन्हा पाणी होते आणि उचललेली उष्णता तिथे टाकते. परतीसाठी नळीच्या आतल्या भिंतीला बारीक सच्छिद्र अस्तर असतं, त्यातून पाणी झिरपत आपोआप चिपकडे येतं. पंप नाही, मोटार नाही. आपल्या घरातला माठ ज्या तत्त्वावर पाणी गार करतो, तेच इथे बंद नळीत कोंडलेलं आहे. फरक इतकाच की माठाची वाफ उडून जाते आणि इथली परत येते. अशा नळीचं पेटंट जनरल मोटर्सच्या रिचर्ड गॉगलर यांना 1944 मध्ये मिळालं होतं. मग ते बाजूला पडलं, आणि 1963 मध्ये अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी अंतराळातल्या यंत्रांचा विचार करताना ही नळी स्वतंत्रपणे पुन्हा घडवली. अंतराळासाठी घडलेली वस्तू आज शिरूर तालुक्यातल्या पोराच्या दप्तरात आहे.

नळीच्या थंड टोकाला पातळ पत्र्यांची दाट जाळी असते, आणि तिच्यासमोर पंखा. हवा उष्णता वाहून न्यायला तशी कुचकामीच. 45 वॅट बाहेर न्यायचे आणि हवा 20 अंशांहून जास्त तापू द्यायची नाही म्हटलं, तर सेकंदाला जवळपास दोन लिटर हवा त्या जाळीतून जायला हवी. लॅपटॉपच्या बाजूला हात धरला की लागते ती हीच.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. पंखा थंडावा तयार करत नाही. कोरेगाव भीमाहून नगर रस्त्याने पुढे रांजणगावची एमआयडीसी लागते. व्हर्लपूल, एलजी, हायर यांचे फ्रिजचे कारखाने तिथे आहेत. फ्रिजमध्ये कॉम्प्रेसर असतो, तो वीज खर्चून उष्णतेला तिच्या मनाविरुद्ध, गारातून गरमाकडे ढकलतो. लॅपटॉपमध्ये असं काही नसतं. त्यात उष्णता केवळ स्वभावाने, जास्त तापलेल्याकडून कमी तापलेल्याकडे जाते. खोलीच्या तापमानाच्या खाली चिप कधीच जाऊ शकत नाही, पंखा कितीही फिरवा. म्हणून ऋतू महत्त्वाचा. चिप 95 अंशांपर्यंत चालते असं धरू. डिसेंबरमध्ये खोली 25 अंशांवर असेल, तर दोन्हींत 70 अंशांचा फरक मिळतो. एप्रिलच्या दुपारी पत्र्याच्या छपराखाली तीच खोली 40 वर गेली, की फरक उरतो 55. त्याच पंख्याची त्याच वेगाला उष्णता बाहेर काढायची ताकद पाचव्या हिश्शाहून जास्त घटली. लॅपटॉपमध्ये बिघाड काहीच नाही, आणि तरी जे काम डिसेंबरमध्ये सुरळीत व्हायचं ते आता अडखळतं.

हे अडखळणं मुद्दाम असतं, हे कळलं तेव्हा मी थक्क झालो. चिपला स्वतःचा ताप कळतो. सिलिकॉनचा एक गुण आहे : त्यातल्या डायोडमधून ठरावीक प्रवाह सोडला तर त्याच्या दोन टोकांमधला विद्युतदाब तापमान वाढेल तसा घसरतो, अंशाला साधारण 2 मिलिव्होल्ट. म्हणजे ज्या पदार्थाची चिप आहे तोच तिचा तापमापक. असे तापमापक चिपवर जागोजागी पेरलेले असतात. इंटेलच्या चिपचं वैशिष्ट्य तर असं, की ती ‘मी 80 अंशांवर आहे’ असं सांगतच नाही. ‘माझ्या मर्यादेला अजून 20 अंश बाकी आहेत’ असं सांगते. मर्यादा बहुधा 100 असते, आणि सॉफ्टवेअर वजाबाकी करून आपल्याला आकडा दाखवतं. बाकी शून्यावर आली की चिप आपला वेग आणि विद्युतदाब स्वतःच खाली आणते. तेवढ्यानेही भागलं नाही आणि ताप चढतच राहिला, तर यंत्र एकदम बंद होतं, विंडोजला विचारतसुद्धा नाही.

पंख्याचा कारभार मात्र दुसऱ्याकडे असतो. मदरबोर्डवर एम्बेडेड कंट्रोलर नावाची एक छोटी चिप असते. कीबोर्ड, बॅटरी, चार्जिंगचा दिवा हे सगळं तीच सांभाळते, आणि लॅपटॉप बंद असतानाही तिचा एक डोळा उघडा असतो. तिच्याकडे कंपनीने भरून दिलेला तक्ता असतो : इतक्या अंशांना पंखा इतका. पंख्याला ती सलग कमी-जास्त वीज देत नाही, तुकड्यातुकड्यांनी इशारे पाठवते. चार तारांच्या पंख्यांसाठी ठरलेल्या मानकात हे इशारे सेकंदाला 25000 वेळा जातात. माणसाचा कान 20000 च्या पुढचं ऐकत नाही, म्हणूनच हा आकडा. उलट दिशेने पंखा दर फेऱ्याला दोन ठोके परत पाठवतो. मिनिटाला 5000 फेरे असतील तर सेकंदाला सुमारे 167 ठोके. ते मोजून कंट्रोलरला कळतं की पंखा खरंच फिरतोय की अडकलाय. तक्त्यात आणखी एक शहाणपण लपलेलं असतं. पंखा 60 अंशांना सुरू झाला तर तो 59 ला बंद होत नाही, तापमान पन्नासच्या आसपास उतरू देतो. नाहीतर तो दर दोन सेकंदांनी चालू-बंद होत राहिला असता आणि ऐकणाऱ्याचं डोकं उठलं असतं.

पंख्याचा वेग बदलणारी सॉफ्टवेअर नेमकी या तक्त्यात हात घालतात. जुन्या डेस्कटॉपवर अनेकांनी स्पीडफॅन वापरलं असेल. लॅपटॉपसाठी नोटबुक फॅनकंट्रोल आहे, ॲपलसाठी मॅक्स फॅन कंट्रोल, लिनक्सवर एलएम-सेन्सर्स आणि थिंकपॅडसाठी थिंकफॅन. नोटबुक फॅनकंट्रोल थेट कंट्रोलरच्या स्मृतीत आकडे लिहितं. कोणत्या मॉडेलमध्ये कोणत्या कप्प्यात लिहायचं याच्या फाइल्स असतात, आणि म्हणून दुसऱ्या मॉडेलची फाइल ‘चालतेय का बघू’ म्हणून लावणं हा खेळ करू नये. त्या कप्प्यात पंख्याऐवजी भलतंच काही असू शकतं.

लिनक्समध्ये थिंकपॅडसाठी जी सोय आहे, ती लिहिणाऱ्यांबद्दल मला मनापासून आदर वाटतो. पंखा हाताने चालवायची परवानगी तिथे आपण स्वतः मागितल्याशिवाय मिळतच नाही. मिळाल्यावर 0 ते 7 असे टप्पे असतात. आणि त्यासोबत एक राखणदार ठेवता येतो : ठरवलेल्या वेळात, जास्तीत जास्त 120 सेकंदांत, पंख्याला नवा हुकूम आला नाही, तर कारभार पुन्हा कंट्रोलरच्या हाती जातो. समजा आपलं सॉफ्टवेअरच हँग झालं आणि पंखा शून्यावर राहिला. मग? या ‘मग’चा विचार कुणीतरी आधीच करून ठेवला आहे.

वेग वाढवला की काम फत्ते, असं मात्र नाही. पंख्यांचे नियम कठोर आहेत. वेग दुप्पट केला तर हवा दुप्पट होते, पण पंख्याला लागणारी वीज आठपट होते आणि आवाज सुमारे 15 डेसिबलने चढतो. शेवटच्या हजार फेऱ्यांमध्ये घोंघाट पुष्कळ आणि फायदा दोन-तीन अंशांचा, असा सौदा असतो. आवाज बोचू नये म्हणून ॲपलने 2012 च्या मॅकबुक प्रोमध्ये पंख्याची पाती मुद्दाम असमान अंतरांवर बसवली. सगळा आवाज एकाच सुरात न येता विखुरला, आणि कानाला तो सौम्य वाटू लागला.

मला विचाराल तर खरी किल्ली दुसऱ्या टोकाला आहे : उष्णता बाहेर काढण्यापेक्षा ती कमी तयार व्हावी. चिपची वीज तिच्या वेगाच्या पटीत वाढते, आणि विद्युतदाबाच्या वर्गाच्या पटीत. दोन्ही 10 टक्क्यांनी उतरवले तर वीज 27 टक्क्यांनी कमी होते. वेग एक दशांशाने घटला, उष्णता चौथ्या हिश्शाहून जास्त. विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा 100 ऐवजी 99 टक्के करून पाहा. दिसायला एका टक्क्याचा फरक, पण बहुतेक लॅपटॉपमध्ये त्यामुळे टर्बो नावाची जादा धाव बंद होते आणि तापमान धाडकन खाली येतं. टायपिंग, ऑनलाइन फॉर्म, सातबारा डाउनलोड करणं, यात काहीही हळू झाल्यासारखं वाटणार नाही. व्हिडिओ एक्स्पोर्टला वेळ जास्त लागेल, तेवढं खरं. पूर्वी नुसता विद्युतदाब उतरवायची मुभा पुष्कळ इंटेल लॅपटॉपमध्ये होती. मग 2019 मध्ये संशोधकांनी दाखवलं, की दाब नेमका उतरवून चिपला गणितात चुकायला लावता येतं आणि तिची गुपितं काढता येतात. ‘प्लंडरव्होल्ट’ असं नाव त्या हल्ल्याला मिळालं, आणि त्यानंतर अनेक कंपन्यांनी ती मुभा बंद केली.

नगर रस्त्यालगतच्या गावांना मात्र सॉफ्टवेअरच्या आधी धुळीचा विचार करावा लागेल. जाळीच्या पत्र्यांमधली फट जेमतेम एक मिलिमीटरची. ट्रकांनी उडवलेली धूळ, कपड्यांचे तंतू, उसाच्या शेतावरून आलेला कचरा, हे सगळं पंखा आत ओढतो आणि जाळीच्या तोंडाशी त्याचा पातळ नमदा तयार होतो. मग स्क्रीनवर 5000 फेरे दिसतात, आणि हवा बाहेर येतच नाही. ब्लोअर मारताना पंखा काडीने अडवून धरावा, मोकळा भरधाव फिरू दिला तर त्याचं बेअरिंग बिघडतं. आणि गोधडीवर लॅपटॉप ठेवू नये. बहुतेक लॅपटॉपची हवा आत घ्यायची भोकं खालच्या बाजूला असतात, ती गोधडी बुजवून टाकते.

हवा अपुरी पडते तिथे पाणी येतं. तेवढ्याच आकारमानात पाणी हवेच्या साडेतीन हजार पट उष्णता वाहून नेतं. पुण्यात 1988 साली विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली सी-डॅक उभी राहिली, 1991 मध्ये तिथे परम 8000 हा महासंगणक तयार झाला, आणि 2019 मध्ये पाषाणच्या आयसर संस्थेत परम ब्रह्म बसला : 797 टेराफ्लॉप, म्हणजे सेकंदाला 797 लाख कोटी गणिती क्रिया. त्याच्या प्रोसेसरच्या पाठीला चिकटलेल्या पत्र्यांमधून थेट द्रव खेळवलेला आहे.

चिपच्या या उष्णतेला तळ आहे का? आहे. आयबीएमच्या रॉल्फ लँडाउअर यांनी 1961 मध्ये दाखवलं, की माहितीचा एक बिट पुसला की किमान ठरावीक उष्णता बाहेर पडणारच, यंत्र कितीही निर्दोष बनवा. खोलीच्या तापमानाला ती एका ज्यूलच्या कोटी कोटी कोटी भागांपैकी तीन भागांहून कमी भरते. आजच्या चिप दर क्रियेला त्याच्या कितीतरी पट उष्णता टाकतात, म्हणजे खाली उतरायला अजून भरपूर जागा शिल्लक आहे.