टाकीचे गणित आणि बँकेची अट

सोलापूरहून पुण्याकडे निघाले, की मोहोळच्या अलीकडे चिंचोळीची औद्योगिक वसाहत लागते. येथे रसायने, औषधे, कापड अशा मालाचे कारखाने आहेत. मुलूख कमी पावसाचा. विहिरीचे पाणी लाखमोलाचे. अशा जागी सांडपाणी शुद्ध न करता जमिनीत मुरले, तर विहीर कायमची नासू शकते.

१९७४ च्या कायद्याने शुद्धीकरणाचे बंधन आहेच. पण लहान कारखान्याला तो खर्च झेपत नाही. मग काय करावे? एक गणित करू. घनाकृती टाकीची प्रत्येक बाजू दुप्पट करा. पाणी मावेल आठपट, पण भिंती व तळ यांचे क्षेत्रफळ होईल चौपटच! म्हणजे भिंतीची जाडी तीच धरली, तर आठ कारखान्यांची एक सामाईक टाकी निम्म्या बांधकामात होते.

पण सामाईक कामात आधी पैसा कोणी घालायचा? येथे विकास बँक उपयोगी पडते. साधी बँक मुख्यतः परतफेड पाहते. सरकारी विकास बँकेने देशाची गरजही पाहायची असते. १९९१ मध्ये केंद्र सरकारने सामाईक शुद्धीकरण केंद्रांची योजना आखली. खर्चाची वाटणी तेव्हा अशी होती: केंद्राचे अनुदान २५ टक्के, राज्याचे २५, वित्तसंस्थांचे कर्ज ३० आणि कारखानदारांचे स्वतःचे २०. अनुदानाने कर्जाचे ओझे हलके झाले आणि बँकेचा पैसा निसर्गरक्षणाकडे वळला.

मात्र टाकी बांधली म्हणजे पाणी शुद्ध झाले, असे नव्हे. पाण्यात हवा मिसळणारी यंत्रे रोज चालली पाहिजेत. कर्ज बांधकामापुरते, विजेचे बिल मात्र दरमहा! म्हणून नुसती ‘बांधा’ ही अट पुरेशी नाही. ‘बाहेर पडणारे पाणी तपासून दाखवा’ अशी अट हवी.

अटींचा उपयोग महाराष्ट्राने पाहिला आहे. १९९० च्या दशकात जर्मनीच्या केएफडब्ल्यू या सरकारी विकास बँकेच्या साहाय्याने नाबार्डने पाणलोट विकासाचे काम हाती घेतले. गावाने श्रमदान करावे, झाडे तोडू नयेत, मोकाट चराई बंद ठेवावी, अशा त्या अटी होत्या.

शाळेची सहल एखाद्या औद्योगिक वसाहतीत गेली, तर दोन प्रश्न जरूर विचारा: शुद्ध केलेले पाणी कोण तपासतो? आणि तो निकाल कर्ज देणाऱ्यापर्यंत पोहोचतो का?