शी-शूची सवय : गैरसमज आणि वस्तुस्थिती

तान्ह्या बाळाला पायांवर बसवून ‘शू शू’ असा आवाज काढला की ते लघवी करते, यावरून त्याला सवय लागली असे घरोघरी मानले जाते. आवाज आणि लघवी यांची सांगड बाळाच्या शरीरात खरोखर बसते व दुपटीही कमी भिजतात. परंतु मूत्राशय भरल्याची जाणीव होणे, ती सांगता येणे आणि जागेवर पोहोचेपर्यंत लघवी धरून ठेवणे, म्हणजेच खरे नियंत्रण, हे मेंदू व मज्जातंतूंच्या वाढीवर अवलंबून असल्यामुळे ते बहुधा दीड ते तीन वर्षांच्या दरम्यान येते. अमेरिकन बालरोगतज्ज्ञ टी. बेरी ब्रॅझेल्टन यांनी १९६२ मध्ये ११७० मुलांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या, त्यांत दिवसाचे नियंत्रण येण्याचे सरासरी वय सुमारे साडेअठ्ठावीस महिने होते.

रागावल्याने मूल लवकर शिकते, हा समज सर्वांत घातक आहे. धाक बसलेले किंवा एकदा शी करताना दुखलेले मूल पडद्याआड जाऊन, पाय आवळून, चवड्यांवर उभे राहते. ते कुंथत आहे असे पालकांना वाटते, प्रत्यक्षात ते शी अडवून धरत असते. अडलेल्या मळातील पाणी शोषले जाऊन खडा होतो, तो बाहेर पडताना पुन्हा दुखते, भीती वाढते आणि गुदाशय, म्हणजे मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग, ताणला जाऊन त्याची जाणीवच बोथट होते. मग खड्याच्या कडेने पातळ मळ झिरपून चड्डी खराब होते. त्याला जुलाब समजून ते थांबवण्याचे औषध दिले, तर मूळचा मलावरोध बळावतो. अशा मुलाला शिक्षेची नव्हे, डॉक्टरांच्या सल्ल्याने मळ मऊ करणाऱ्या, बऱ्याचदा काही महिने चालणाऱ्या उपचारांची गरज असते. जेवणानंतर आतड्यांची हालचाल वाढते, म्हणून त्या सुमारास पाच मिनिटे बसवावे. कमोडवर पाय लोंबकळत राहिल्यास जोर लावता येत नाही, म्हणून पायांखाली पाट द्यावा.

रात्री अंथरूण ओले करणे हा आळस नव्हे. पाच वर्षांच्या साधारण १५ टक्के मुलांत ते आढळते. गाढ झोप, आनुवंशिकता आणि रात्री लघवीचे प्रमाण घटवणाऱ्या संप्रेरकाची कमतरता ही त्याची कारणे होत. मात्र सहा महिने कोरडे राहिलेले मूल पुन्हा ओले करू लागले, तर मूत्रमार्गाचा संसर्ग, मलावरोध, मधुमेह किंवा घरातील एखादा मोठा बदल यांपैकी काही कारण आहे का, हे डॉक्टरांकडून तपासून घ्यावे.