ऋषीच्या भाजीसाठी परसातील काकडी

भाद्रपद शुद्ध पंचमीस कश्यप, अत्री, भरद्वाज, विश्वामित्र, गौतम, जमदग्नी व वसिष्ठ या सप्तर्षींचे अरुंधतीसह पूजन होते. त्या दिवशी बैलाच्या श्रमाचे अन्न वर्ज्य. म्हणून परसात माणसाच्या हातांनी रुजविलेली अळू, माठ, पडवळ, भेंडी, काकडी यांची भाजी पानात येते. आज बहुतेक घरी ती आदल्या दिवशी बाजारातून येते. ट्रॅक्टरच्या शेतातील भाजीने नियमाचा शब्द कदाचित राखला जाईल; मन मात्र साशंकच राहते. निदान काकडीचा एक वेल घरचा असावा.

बी टोचल्यापासून पन्नास-साठ दिवसांत फळ हाती येते. तेव्हा आषाढाच्या आरंभी बी लावावे. आषाढी एकादशी ओलांडू देऊ नये. २०२३ साली श्रावण अधिक होता. तशा वर्षी महिनाभर थांबणे बरे. आळ्यात शेणखत घालावे, पाणी साचू देऊ नये आणि वेल मांडवावर चढवावा. परस नसलेल्यांस गॅलरीतील मोठी कुंडीही पुरते.

पहिली फुले पाहून गृहिणी हरखते आणि ती गळताच वेल वांझ म्हणून खट्टू होते. ती नरफुले असतात. मागाहून येणाऱ्या मादीफुलाच्या देठाशी इवलीशी काकडी दिसते. पावसाची झड लागली, की मधमाश्या फिरकत नाहीत. अशा वेळी सकाळीच नरफूल खुडून, पाकळ्या काढून, त्याचा पराग मादीफुलाच्या मध्यभागी हलकेच टेकवावा. देवासाठी म्हणून सगळीच नरफुले खुडणारे हात येथे आवरावेत! विषारी फवारा तर नकोच. मधमाश्याही जातात आणि फळ नैवेद्याचे राहत नाही. फळमाशीसाठी कोवळ्या फळास कापडी पिशवी बांधावी. किडके फळ वेलाखाली टाकू नये, कारण अळी मातीतच कोश करते.

खरी पंचाईत कडूपणाची. भाजीत घालण्यापूर्वी काकडी चाखावी, तर नैवेद्य उष्टा होतो. यास्तव त्याच वेलाचे एक फळ चार दिवस आधी उतरवून चाखावे. पाण्याची ओढ बसलेल्या वेलाची फळे कडवटतात. पावसाने उघडीप दिली, की पाणी चुकवू नये. अतिशय कडू काकडी शिजवूनही खाऊ नये.

ऋग्वेदाचे सातवे मंडल या सप्तर्षींतील वसिष्ठांचे. त्यातील त्र्यंबकाच्या मंत्रात मृत्यूच्या बंधनातून सुटण्यास देठापासून सुटणाऱ्या उर्वारुकाची उपमा आहे. ते उर्वारुक काकडी की खरबूज, यावर पंडितांचे एकमत नाही. घरोघरी मात्र काकडी हाच अर्थ रूढ आहे.

पंचमीनंतरही एक फळ वेलावर राहू द्यावे. ते पिवळेधमक होऊन पुरते पिकले, की गर धुऊन बी सावलीत वाळवावे आणि राखेत घोळून, पुरचुंडी बांधून पुढच्या आषाढासाठी फडताळात ठेवावे.