टाळ मांडीवर राहतो तेव्हा

हिंगोली जिल्ह्यातल्या नर्सी नामदेवच्या भजनात एखादे आजोबा टाळ मांडीवर ठेवून नुसतेच बसून राहतात. घरचे म्हणतात, वय झालं. अनेकदा कानच अधू झालेले असतात, आणि इलाजाविना राहिलेला बहिरेपणा स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवतो.

‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०२४ च्या अहवालात असे १४ घटक आहेत. ते आटोक्यात आले, तर जगातले सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू किंवा लांबू शकतात. सुरुवात बालपणीच होते : पोरीची शाळा अर्धवट सुटणं हाही त्यातलाच घटक. पुढे रक्तदाब, साखर, विडी. म्हातारपणी एकटेपणा आणि तसाच राहिलेला मोतीबिंदू.

याच जिल्ह्यातल्या वसमतची हळद नामांकित खरी, पण तिने स्मृतिभ्रंश टळतो असं सिद्ध झालेलं नाही. चाळिशीपासून प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तदाब मोजून घ्यावा. आजोबांचे कान तर याच आठवड्यात तपासावेत. कधी कधी कानात नुसता मळ साचलेला निघतो.