किझताशी : मार्सियन सम्राटाचा स्तंभ

इस्तंबूलला जाणारे बहुतेक पर्यटक हागिया सोफिया, निळी मशीद आणि मोठा बाजार पाहून परततात. फातिहच्या दाट वस्तीतला मार्सियनचा स्तंभ त्यांच्या यादीत नसतो, याची मला खंत वाटते. आज मोटारी त्याला वळसा घालून जातात. १९०८च्या आगीत आसपासची घरे जळाली, तोवर तो एका खासगी बागेत दडलेला होता.

इजिप्तच्या ग्रॅनाइटचा हा खांब संगमरवरी चौथऱ्यावर उभा आहे. उत्तरेकडचा लॅटिन लेख जवळून पाहावा. काशाची अक्षरे गेली, पण खाचांवरून मजकूर लागतो : नगराचा मुख्य अधिकारी तातियानस याने हा स्तंभ मार्सियनसाठी उभारला. चौथऱ्यावर पंखधारी विजयदेवता आहेत. ‘किझताशी’, म्हणजे मुलीचा दगड, हे तुर्की नाव त्यांच्यावरूनच पडले असे मानतात. माथ्यावरचा सम्राटाचा पुतळा मात्र गेला.

मार्सियन सैनिकाचा मुलगा, सेनापती आस्पारच्या हाताखाली वाढलेला. जुलै ४५० मध्ये पूर्व रोमन सम्राट दुसरा थिओडोसियस घोड्यावरून पडून वारला. त्याची बहीण पुल्केरिया आजन्म ब्रह्मचर्याचे व्रत घेतलेली. व्रत न मोडण्याच्या अटीवर तिने साठीकडे झुकलेल्या मार्सियनशी लग्न केले आणि ऑगस्टमध्ये तो सम्राट झाला.

गादीवर येताच त्याने हूणांची खंडणी बंद केली. त्यांचा राजा अ‍ॅटिला याला दरसाल २,१०० रोमन रत्तल सोने जात होते, म्हणजे जवळपास ६९० किलो! त्याच सुमारास अ‍ॅटिला पश्चिमेकडे वळला आणि ४५३ मध्ये मेला, हे मार्सियनचे नशीब खरे. पण ४५२ मध्ये अ‍ॅटिला इटलीत असताना मार्सियनच्या फौजा डॅन्यूबपलीकडे हूणांच्या मुलखात घुसल्या होत्या. नुसत्या नशिबावर विसंबणारा राजा असे धाडस करत नाही. ४५७ मध्ये तो वारला तेव्हा खजिन्यात एक लाख रत्तल सोने होते, असे बायझंटाइन लेखक जॉन लिडस लिहितो. थकलेले कर माफ करूनही!

मार्सियनने ४५१ मध्ये भरवलेली ख्रिस्ती धर्मपरिषद बॉस्फरसपलीकडे, आजच्या कादीकोयला झाली. तिथे जायला फेरीबोट मिळते. ख्रिस्ताच्या स्वरूपाविषयीचा तिचा निर्णय इजिप्त-सीरियातल्या अनेकांनी नाकारला. कॉप्टिक चर्च आजही तो मानत नाही.

स्तंभापासून फातिह मशीद चालत काही मिनिटांवर आहे. तिच्या जागी पूर्वी पवित्र प्रेषितांचे चर्च होते. मार्सियन आणि पुल्केरियाला तिथेच पुरले होते.