एक अबोल अडचण

परदेशाहून परतलेल्या माणसाला आप्तेष्ट जे प्रश्न विचारतात, ते बहुधा ठरलेले असतात. थंडी सोसली का, जेवणाचे हाल झाले का, आयफेल मनोरा जवळून कसा दिसतो. एक प्रश्न मात्र कोणीही विचारीत नाही, आणि आपण होऊन त्याविषयी बोलण्याचे धैर्य आम्हांलाही कित्येक दिवस झाले नाही. तो प्रश्न देहधर्माचा. 'आधी पोटोबा, मग विठोबा' असे म्हणणाऱ्या आपल्या समाजाने पोटोबाच्या पुढच्या वाटचालीविषयी मात्र अळीमिळी गुपचिळी धरली आहे. तो संकोच आज आम्ही बाजूला ठेवीत आहोत. कारण त्या संकोचाची किंमत आमच्या घरात मोजली गेली.

आम्ही इंदूरकर. 2017 ते 2023 या सातही वर्षांच्या राष्ट्रीय स्वच्छता सर्वेक्षणांत आमचे शहर अग्रस्थानी राहिले, त्यामुळे या बाबतीत आमची मान थोडी ताठच असते. तरीही मनात एक जुनी समजूत घर करून होती, की युरोप म्हणजे सर्वत्र लख्ख फरशी आणि नळाला अष्टौप्रहर ऊन पाणी. कन्या व जावई नोकरीनिमित्त दक्षिण जर्मनीत राहतात. उन्हाळ्याच्या सुटीत त्यांच्याकडे दीड महिना राहण्याचा योग आला, आणि पहिल्याच लांबच्या मोटारप्रवासात ही समजूत गळून पडली.

तेथील हमरस्त्यांवर विसाव्याच्या जागा दोन प्रकारच्या असतात. एका ठिकाणी पेट्रोलपंप, उपाहारगृह आणि नाणे टाकल्यावर उघडणारे फाटक असते. बहुधा 1 युरो पडतो, आणि तेवढ्याच किमतीची चिठ्ठी हाती येते, ती तेथल्या दुकानात चालते. दुसऱ्या ठिकाणी नुसती झाडे, बाके आणि एक सिमेंटची खोली. आत पोलादी भांडे, आणि सारे फुकट. सौभाग्यवतींनी युरोचे रुपये करून पाहिले, ते शंभराच्या घरात गेले. "लघुशंकेला शंभर रुपये? जन्मात दिले नाहीत, आता देणार नाही," असे म्हणून त्यांनी फुकटच्या खोलीकडे मोर्चा वळविला, आणि क्षणार्धात नाकाला पदर लावून त्या बाहेर आल्या. फरशीवर ओल, त्यात भिजलेले कागद, हात धुण्याच्या जागी पाणी नाही. कन्या म्हणाली, "आई, पुढच्या ठिकाणी चांगले मिळेल गं." पण यांचा निश्चय झाला होता: घरी परतेपर्यंत पाणीच प्यायचे नाही.

तीन दिवसांच्या त्या प्रवासात दिवसाकाठी जेमतेम दोन पेले पाणी त्यांच्या पोटात गेले. चौथ्या दिवशी जळजळ सुरू झाली, आणि रात्री थंडी वाजून ताप भरला. डॉक्टरीणबाईंनी लघवी तपासून औषध दिले आणि एकच प्रश्न विचारला, "दिवसाला पाणी किती पिता?" कन्येने त्याचे भाषांतर करताच सौभाग्यवतींनी मान खाली घातली. आजार घाणीने जडला नव्हता. घाणीच्या भीतीने जडला होता. पाणी कमी प्यायले आणि लघवी तासन्‌तास अडवून धरली, म्हणजे मूत्राशयात जंतूंना वाढायला अवधी मिळतो. भांड्याला स्पर्श नको म्हणून अधांतरी अर्धवट बसले, तर मूत्राशय पुरते रिकामे होत नाही. भांड्याच्या कडेवर बसल्याने धडधाकट कातडीच्या माणसास रोग होण्याचा संभव फार थोडा. खरा धोका हातांचा असतो. कडी, मूठ, नळाची चावी यांना लागलेले हात तोंडाकडे जातात, आणि रोग तेथून शिरतो.

हे कळल्यावर आम्ही प्रवासाची पद्धतच बदलली. खिशात सुटी नाणी नेहमी ठेवावीत. नोटेने फाटक उघडेलच असे नाही. पिशवीत कोरडे कागद, कागदी साबण आणि पाण्याची एक लहान बाटली असावी. पिशवी खुंटीला अडकवावी, फरशीवर टेकवू नये. कागद घडी करून कडेवर पसरावा आणि निःशंक बसावे. बाहेर येताच साबणाने वीस सेकंद हात चोळावेत. जुलाब-वांत्यांचे काही विषाणू असे असतात, की नुसते हातांना चोळायचे औषध त्यांना पुरे पडत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, गरज भासेपर्यंत थांबू नये. संग्रहालय, मोठे दुकान, ग्रंथालय, जेथे स्वच्छ जागा दिसेल तेथे आधीच जाऊन यावे. पाणी मात्र तोडू नये.

आपल्या लोकांची दुसरी अडचण पाण्याची. जर्मनीत आणि फ्रान्समध्ये बहुतेक ठिकाणी कागदावरच भागवावे लागते. तेथे ती लहान बाटलीच कामास येते. इटलीत मात्र 1975 च्या सरकारी नियमानुसार घरच्या न्हाणीघरात धुण्याचे वेगळे भांडे असावेच लागते, हे ऐकून सौभाग्यवतींना त्या देशाविषयी एकाएकी आदर वाटू लागला. फ्रान्समधील हमरस्त्यावर एके ठिकाणी चक्क उकिडवे बसण्याचे भांडे निघाले, तेव्हा तर माहेर भेटल्याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर दिसला. गंमत अशी, की आपण ज्याला देशी म्हणतो त्याला फ्रेंच लोक तुर्की म्हणतात.

पॅरिसमध्ये पदपथांवर यंत्रचलित स्वच्छतागृहे चारशेंहून अधिक आहेत, आणि 2006 पासून ती विनामूल्य आहेत. प्रत्येक वापरानंतर यंत्र आतली जागा धुऊन काढते. तरीही आम्हांला काही स्वच्छ मिळाली, काही नाही. यंत्र फरशी धुते, माणसाची सवय धुऊ शकत नाही, हेच खरे. उलट जर्मनीत काही ठिकाणी दाराशी एक बाई छोटी बशी घेऊन बसलेली असते. तिच्या बशीत आपखुशीने नाणे टाकावयाचे. जेथे अशी बाई दिसली, तेथे आम्हांस एकदाही नाक धरावे लागले नाही. जाताना तिला नमस्कारवजा मान लवविण्याचा परिपाठ सौभाग्यवतींनी ठेवला होता. दुसरी एक युक्ती जर्मनीतील आलेन या गावाने 2000 साली काढली. नगरपालिका उपाहारगृहांना काही रक्कम देते आणि मालक दारावर एक खूणचिठ्ठी लावतो. मग कोणीही आत जावे, चहा-कॉफी घेण्याची सक्ती नाही. ही युक्ती पुढे अनेक गावांनी उचलली.

हा प्रश्न बायकांना अधिक छळतो, आणि हे आजचे नव्हे. 1851 सालच्या लंडनच्या महाप्रदर्शनात जॉर्ज जेनिंग्ज याने एका पेनीत वापरता येणारी स्वच्छतागृहे उभारली, त्यांची मोठी वाहवा झाली. परंतु पुढे शहरात जी सार्वजनिक सोय झाली, ती मुख्यतः पुरुषांची. नाटककार बर्नार्ड शॉ सेंट पँक्रस विभागाच्या स्थानिक कारभारात होते, तेव्हा 1900 च्या सुमारास स्त्रियांसाठी अशी एक जागा बांधण्याचा त्यांनी आग्रह धरला. सभ्य नागरिकांनी विरोध केला. असली गोष्ट उच्चारणेच त्यांना असभ्य वाटत होते. शॉ यांनी 1909 साली या अनुभवावर लिहिताना निष्कर्ष काढला, की कारभारात स्त्रिया असल्याखेरीज स्त्रियांच्या या अडचणीला तोंड फुटणार नाही.

शेवटी एका किल्लीची हकीगत. जर्मनीत अपंगांसाठी राखलेल्या पुष्कळ सार्वजनिक स्वच्छतागृहांना एकाच प्रकारचे कुलूप असते. 1986 साली डार्मस्टाट येथील अपंगांच्या एका संघटनेने ही योजना सुरू केली. प्रमाणपत्र दाखविले की एक किल्ली विकत मिळते, आणि तीच अनेक देशांतील हजारो दारांना लागते. आतड्यांचे वा मूत्राशयाचे जुने दुखणे असलेल्यांनाही ती मिळते. जावयांच्या एका परिचितांनी आपली किल्ली आम्हांस दाखविली आणि म्हणाले, "हिच्यामुळे मी घराबाहेर पडतो."

ते वाक्य ऐकताना आम्हांला दुसरी एक किल्ली आठवली. ती आमच्या शाळेतील, मुख्याध्यापकांच्या टेबलाच्या खणातील. शाळेत एक स्वच्छतागृह नीटनेटके आहे, ते शिक्षकांचे, आणि त्याला कुलूप असते. मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दाराची कडी तुटलेली होती आणि नळाला पाणी नव्हते. मुली सकाळी भरून आणलेल्या पाण्याच्या बाटल्या सायंकाळी तशाच भरलेल्या परत नेतात, हे आम्ही वर्षानुवर्षे पाहत होतो, आणि मुलींना तहानच कमी लागते, असे समजत होतो. सौभाग्यवतींना झालेले दुखणे यांतल्या कितीजणींनी मुकाट्याने सोसले असेल, याचा विचार आमच्या मनाला शिवला नव्हता.

परतल्यावर आम्ही प्रथम कुलूप काढून टाकले. मग नवी कडी, पाण्याची टाकी, साबण आणि झाकणाची कचरापेटी आली. खर्च एका सहलीपेक्षा अधिक आला नाही. 1901 च्या कलकत्ता काँग्रेसमध्ये गांधीजींनी स्वतः झाडू हाती घेतला होता. ते स्मरून शनिवारी पाहणीला आणि सफाईला आम्ही व सहकारी शिक्षक पाळीपाळीने जातो. पहिल्या शनिवारी काहींनी नाके मुरडली. आता मुरडीत नाहीत.

परवा शाळा सुटताना फाटकाशी उभे होतो. पाचवीतील एका मुलीने घ्यायला आलेल्या आईच्या हाती बाटली दिली. आईने ती हलवून पाहिली आणि विचारले, "आज पाणी कुठे सांडलेस गं?"

"सांडले नाही," ती म्हणाली, "प्यायले."