उटणे, वज्री आणि कोरडा ब्रश

वसुबारसेच्या आठवडाभर आधीपासून भाईंदर पश्चिमेच्या बाजारात उटण्याच्या पुड्या दिसू लागतात. निम्म्या विकत घ्याव्याच लागत नाहीत, कारण त्या घरपोच येतात. पुडीवर इच्छुक उमेदवाराचा हसरा फोटो, शुभेच्छा आणि कोपऱ्यात पक्षाचे चिन्ह असते. आत काय आहे ते बहुधा छापलेले नसते. निवडणूक जवळ असली की पुडी जाड होते, एवढे निरीक्षण मात्र मीरा-भाईंदरचा कोणीही रहिवासी सांगेल.

याच शहरात, मीरा रोडच्या सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानांत, आता लांब दांड्याचे राठ केसांचे ब्रशही टांगलेले असतात. आंघोळीआधी कोरड्या अंगावर पायापासून छातीकडे फिरवायचे, ही त्यांची रीत. दावे मोठे आहेत. त्वचा उजळते, शरीरातली विषद्रव्ये बाहेर पडतात, मांडीवरच्या खळ्या जातात, रक्ताभिसरण सुधारते. हे सगळे परदेशातून आलेले नवे शास्त्र म्हणून खपते. अंग घासण्याचा आपला स्वतःचा अनुभव मात्र दोन हजार वर्षांहून जुना आहे, आणि या दाव्यांपैकी कोणते धरावेत, कोणते सोडावेत हे तपासायला तो कामी येतो.

सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात उद्वर्तन, उत्सादन आणि उद्घर्षण असे तीन वेगळे प्रकार आहेत. टीकाकार डल्हणाने शेवटच्या दोहोंतला फरक सांगितला आहे: स्नेहयुक्त, म्हणजे तेलातुपाचा, कल्क चोळला तर ते उत्सादन, स्नेहाशिवाय कोरड्या चूर्णाने घासले तर उद्घर्षण. अंगाला खाज सुटली, गांधी उठल्या तर विटेच्या तुकड्याने घासण्याचाही उल्लेख सुश्रुतात आहे. चरकाने रूक्ष उद्वर्तन सुचवले ते स्थौल्यावरच्या, म्हणजे लठ्ठपणावरच्या, उपचारांत. तेही एकटे नव्हे, आहार आणि व्यायाम यांच्या सोबतीने. म्हणजे कोरडे घासणे आपल्याकडे होते, पण ते कोणी, कशासाठी करायचे याच्या अटी होत्या. निरोगी माणसाच्या दिनचर्येत आधी तेल, मग उटणे, मग ऊन पाणी हा क्रम राहिला. नरक चतुर्दशीच्या पहाटे घराघरांत तोच पाळला जातो. नागरमोथा, वाळा, आंबेहळद, कापूरकाचरी, गव्हला कचोरा यांचे भरड चूर्ण तेल लावलेल्या अंगावर घासले की जास्तीचे तेल आणि सुटलेला मळ दोन्ही उतरतात. तेल वंगणाचे काम करते, म्हणून कातडी सोलत नाही.

हत्यारेही जुनीच आहेत. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या नेवासे येथे डेक्कन कॉलेजने १९५४ ते १९५६ या काळात उत्खनन केले. तिथे सापडलेल्या वस्तूंत भाजक्या मातीच्या, खरखरीत पृष्ठभागाच्या अंगघासण्या आहेत. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात पितळी वज्री बघायला मिळतात. तळाला खाचांची खरबरीत जाळी आणि वर धरायला मोरा-हत्तीची मूठ. एवढी कारागिरी टाच घासण्याच्या वस्तूवर खर्च करणारा समाज आंघोळीला केवढा मान देत असेल! गरिबाघरी हेच काम कुंभाराकडची मातीची वज्री करी, आणि अंगासाठी परसातले वेलावर सुकलेले घोसाळे.

या सगळ्यात एक गोष्ट ध्यानात येते. वज्री टाचेसाठी होती, पाठीसाठी नव्हे. तळव्याची कातडी जाड, तिला राठ हत्यार. पोटाची, काखेची, मानेची पातळ, तिला डाळीचे पीठ आणि हात. सगळ्या अंगाला एकच ब्रश ही कल्पना त्या शहाणपणात बसत नाही.

आता दावे. विषद्रव्ये काढण्याचे काम यकृत आणि मूत्रपिंडे करतात. त्वचेवर कुंचा फिरवून त्यांचा भार हलका होत नाही. लसीकेचा, म्हणजे शरीरात वाहणाऱ्या फिकट द्रवाचा, मुद्दा थोडा गुंतागुंतीचा आहे. लसीकावाहिन्यांना हृदयासारखा पंप नसतो. वाहिनीच्या भिंतीचे आकुंचन, स्नायूंची हालचाल आणि आतल्या झडपा यांच्या बळावर हा द्रव पुढे सरकतो. १९३०च्या दशकात एमिल वोडर या डॅनिश उपचारकाने हाताने लसीका पुढे ढकलण्याचे तंत्र विकसित केले. स्तनाच्या कर्करोगावरील शस्त्रक्रियेनंतर हाताला येणाऱ्या सुजेवर प्रशिक्षित लोक आजही त्या प्रकारचा मसाज करतात. पण त्यातला स्पर्श अत्यंत हलका असतो, कातडी फक्त ताणली जावी इतपत. राठ ब्रशने लाल होईपर्यंत घासण्याशी त्याचे नाते जोडणे धाडसाचे आहे. स्टेशनपर्यंत चालत गेलात तर पोटऱ्यांचे स्नायू लसीकेसाठी ब्रशपेक्षा जास्त काम करतील.

मांडीवरच्या खळ्या कातडीखालच्या चरबीचे पुंजके आणि त्यांना आवळणारे तंतू यांमुळे दिसतात. ब्रश तिथवर पोचत नाही. घासल्यावर रक्तपुरवठा वाढतो, कातडी जराशी फुगते, खळ्या काही वेळ कमी वाटतात. जाहिरातीतला फोटो बहुधा याच वेळी काढतात, असा माझा संशय आहे.

मग काहीच फायदा नाही का? आहे. त्वचेचा सर्वांत वरचा थर मृत पेशींचा असतो. तरुणपणी साधारण चार आठवड्यांत खालून नवी पेशी वर येऊन गळून पडते. वयानुसार हा वेळ वाढतो. हलक्या घासण्याने सुटू घातलेले पापुद्रे निघतात, त्वचा मऊ लागते आणि नंतर लावलेले तेल सारखे पसरते. दुसरा फायदा सुखाचा आहे, आणि तो थट्टेवारी नेण्यासारखा नाही. लव असलेल्या त्वचेत हळुवार स्पर्शाला प्रतिसाद देणारे विशिष्ट मज्जातंतू असतात. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात दिसले, की सेकंदाला १ ते १० सेंटिमीटर वेगाने मऊ ब्रश फिरवला तर ते सर्वांत जास्त उद्दीपित होतात आणि माणसाला तो स्पर्श सर्वांत सुखद वाटतो. ब्रश मऊ आणि वेग संथ होता, हे महत्त्वाचे. कोरडे अंग चोळणे जपानलाही नवे नाही: तिथे कोरड्या टॉवेलने अंग चोळण्याची ‘कान्पु मासात्सु’ ही पद्धत एके काळी बालवाड्यांतही करवून घेत.

जपानचाच दुसरा अनुभव मात्र सावध करतो. १९८०च्या दशकात तिथल्या त्वचारोगतज्ज्ञांना गळपट्टीच्या हाडांवर, पाठीच्या कण्यावर, बरगड्यांवर काळपट पट्टे पडलेले रुग्ण दिसू लागले. कारण निघाले नायलॉनच्या टॉवेलने रोज जोराने घासणे. पुढे इराकमधल्या डॉक्टरांनी असेच डाग ‘लिफा’ने घासणाऱ्यांत नोंदवले, लिफा म्हणजे आपले सुकलेले घोसाळेच. भारतातही हे डाग अनोळखी नाहीत. घर्षणाने रंगद्रव्य त्वचेच्या खालच्या थरात उतरते आणि तिथून ते सहजी हटत नाही. काहींमध्ये पाठीवर, दंडावर करड्या लाटांसारखी नक्षी उमटते. तिच्यामागेही वर्षानुवर्षांचे घासणे हे एक कारण मानतात. यातली क्रूर गंमत अशी, की माणूस काळेपणा मळ समजून आणखी रगडतो आणि तो आणखी गडद होतो. आपल्याकडच्या गोरेपणाच्या हव्यासाने या रोगाला खतपाणीच घातले आहे. भाईंदर पूर्वेच्या गाळ्यांत स्टीलची भांडी बफिंगच्या चाकावर धरली की चकाकतात, कारण धातू निर्जीव आहे. कातडी चाकाखाली धरली की ती स्वतःला वाचवायला जाड आणि काळी होते.

मीरा-भाईंदरच्या हवेचाही विचार हवा. एका बाजूला खाडी, दुसरीकडे उत्तनचा समुद्र, मध्ये मिठागरे. वर्षाचे बरेच महिने इथे घाम वाळत नाही. घामोळ्यांवर राठ ब्रश म्हणजे आगीत तेल. त्यातल्या त्यात बरा काळ डिसेंबर-जानेवारीचा, पोटऱ्या आणि कोपरे फुटतात तेव्हाचा. पाण्याची ओरड असलेल्या इमारतींत बिनपाण्याच्या या प्रकाराचे आकर्षण वाटले तर नवल नाही, पण निघालेला कोंडा शेवटी धुवावाच लागतो.

करायचेच असेल तर आठवड्यातून एकदा-दोनदा, दोन-चार मिनिटे, कातडी गुलाबी होण्याआधी थांबावे. चेहरा, स्तनाग्रे, ताजी दाढी-वॅक्स केलेली जागा, जखम, इसब सोडून द्यावे. सोरायसिस असलेल्यांनी तर ब्रश घेऊच नये, कारण घासलेल्या जागी नवे चट्टे उठू शकतात. ब्रश ज्याचा त्याचा वेगळा असावा, साबणाने धुऊन उन्हात वाळवावा. दमट न्हाणीघरात टांगून ठेवला तर त्यावर बुरशी धरते. घासून झाल्यावर आंघोळ, आणि ओलसर अंगावर खोबरेल. मधुमेहाने पायांची संवेदना कमी झालेल्यांनी ब्रशच काय, आजीची पितळी वज्रीही टाचेला लावू नये. रक्त आले तरी त्यांना कळत नाही, आणि ती जखम पुढे महिनोन्‌महिने चिघळते.